लाइम (गोचिडीतून होणारा जंतुसंसर्ग) : दोन कोर्स झाले, गुडघ्याची सूज पूर्ण उतरत नाही, थकवा कायम. आता कोणतं अँटिबायोटिक?

मुलुंडचा_जीपी

मंडळी, आजार इकडचा नाही, पेशंट मात्र इकडचा आहे. मदत हवी.

पुरुष, वय ४४, वजन ७८ किलो. दोन वर्षं अमेरिकेत कनेटिकटला नोकरीला होता. गेल्या जूनमध्ये उजव्या गुडघ्याच्या मागे लाल चट्टा आला आणि पसरत पसरत साधारण ११ सेंटिमीटर झाला. तिथल्या डॉक्टरांनी चट्टा बघूनच लाइम धरलं आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १० दिवस दिलं. चट्टा गेला. सप्टेंबरात तोच गुडघा टम्म फुगला. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडी पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी रक्ततपासणी) आयजीजीचे (दीर्घकाळ टिकणाऱ्या अँटिबॉडीचे) ८ पट्टे. पुन्हा डॉक्सी, त्याच डोसमध्ये, २८ दिवस. नोव्हेंबरात कुटुंब मुंबईला परतलं.

आता फेब्रुवारी. गुडघ्यात थोडं पाणी आहे, जिना उतरताना दुखतं. ईएसआर २८, सीआरपी ९ (दोन्ही अंगातली जळजळ मोजणाऱ्या तपासण्या). ताप नाही, वजन घटलेलं नाही. ईसीजी नॉर्मल, त्यातलं पीआर अंतर १६० मिलिसेकंद. पण त्याची मुख्य तक्रार गुडघ्याची नाहीच. दुपारी तीननंतर गळून जातो, रात्री झोप तुटते, मीटिंगमध्ये बोलता बोलता शब्द सापडत नाही. पोटाच्या सोनोग्राफीत पित्ताशयात ६ मिमीचा खडा, त्याचा त्रास काही नाही. औषधांची अ‍ॅलर्जी नाही. शनिवारी दोन पेग.

त्याने परस्पर लॅबमध्ये जाऊन लाइम पुन्हा करून घेतलं : आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीची अँटिबॉडी) निगेटिव्ह. "अजून पॉझिटिव्ह म्हणजे जंतू अंगात आहेच ना डॉक्टर?" असं म्हणत त्याने इंटरनेटवरून छापून आणलेला एक प्रोटोकॉल टेबलावर ठेवला. तीन महिने शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन, मग रिफॅम्पिसिन आणि अझिथ्रोमायसिन, वर डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध). यातलं काही द्यावं का? नसेल, तर द्यायचं काय आणि किती दिवस?

---

परळ_संसर्ग

सर, हे एका पेशंटमधले दोन प्रश्न आहेत. एकत्र धरलेत तर दोन्ही चुकतील. गुडघा एक, थकवा आणि डोक्यातलं धुकं दुसरा.

आधी थकवा, कारण पेशंट त्यासाठीच आलाय. नीट उपचार झालेल्या लाइमनंतर सहा महिन्यांहून जास्त थकवा, अंगदुखी, विसराळूपणा राहिला, तर त्याला उपचारोत्तर लाइम सिंड्रोम म्हणतात. शंभरातल्या पाच-दहा जणांना तो होतो. खोटा नाही, मानसिक म्हणून झटकायचा नाही. पण त्यावर अँटिबायोटिक लांबवून काय होतं, हे चार वेळा नीट तपासून झालंय.

२००१ची अमेरिकेतली क्लेम्पनर यांची चाचणी : ३० दिवस सेफ्ट्रायाक्झोन शिरेतून, त्यानंतर ६० दिवस डॉक्सी. समोर प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ उपचार). १२९ पेशंट झाल्यावर चाचणी मध्येच थांबवावी लागली, दोन्ही गटांत फरकच दिसेना. २००३ची क्रुप यांची : २८ दिवस सेफ्ट्रायाक्झोन. थकव्यात काहींना बरं वाटलं, स्मरणशक्ती-एकाग्रतेत काही नाही, आणि उपचारांच्याच दुष्परिणामांनी चौघांना दवाखान्यात भरती करावं लागलं. २००८ची फॅलन यांची : १० आठवडे सेफ्ट्रायाक्झोन. बाराव्या आठवड्याला थोडा फायदा, चोविसाव्याला तोही गेला. शेवटची नेदरलँड्सची, २०१६ : २८० पेशंट, सगळ्यांना दोन आठवडे सेफ्ट्रायाक्झोन, मग १२ आठवडे एका गटाला डॉक्सी, दुसऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, तिसऱ्याला प्लासिबो. तिन्ही गट सारखेच.

त्यामुळे थकव्यासाठी म्हणून एक दिवसही अँटिबायोटिक नाही. "करून बघायला काय जातं" असं पेशंट म्हणेल. जातं ते लाइनच्या (शिरेतल्या नळीच्या) संसर्गात आणि सी. डिफिसिलच्या (अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणाऱ्या जंतूच्या) जुलाबात.

थकव्याचा शोध मात्र नव्याने घ्या, जणू लाइम झालंच नव्हतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, टीएसएच, एचबीए१सी, क्रिएटिनिन, यकृत. शाकाहारी असेल तर बी-१२ हमखास बघा. घोरतो का, मध्येच श्वास थांबतो का, हे बायकोला विचारा, त्याला विचारून उपयोग नाही. ७८ किलो, चव्वेचाळीस वय आणि तुटणारी झोप, म्हणजे स्लीप स्टडी करण्यासारखी आहे. आणि नोव्हेंबरात मुंबईत आल्यापासून ताप येऊन गेला का? चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने दुखतात, ते लाइमच्या खात्यावर जमा व्हायला वेळ लागत नाही.

गुडघ्याची गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिकला अजून जागा असू शकते. त्यावर सांधेवाले बोलतील. माझं एकच : सुई घालून पाणी काढल्याशिवाय काही सुरू करू नका.

---

पट्टेवाला

(लॅबवाला आहे, नाव ब्लॉटच्या पट्ट्यांवरून घेतलंय, ऑफिसातल्या पट्टेवाल्यावरून नाही.)

"अजून पॉझिटिव्ह" हा शब्दच आधी त्याच्या डोक्यातून काढा. आयजीजी ही आठवण आहे, हजेरी नव्हे. उपचार झाल्यावर ती वर्षानुवर्षं रक्तात राहते. गोवर होऊन गेलेल्या माणसाची आयजीजी म्हातारपणीही पॉझिटिव्ह येते, म्हणून त्याला गोवर झालाय असं कोणी म्हणत नाही. लाइमची रक्ततपासणी उपचार लागू पडला की नाही हे सांगतच नाही. पुन्हा करायचीच नव्हती.

पद्धत दोन पायऱ्यांची. आधी इलायझा (अँटिबॉडी आहेत का हे बघणारी चाचणी), ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तरच वेस्टर्न ब्लॉट. (२०१९ पासून अमेरिकेत ब्लॉटऐवजी दुसरी वेगळी इलायझाही चालते.) ब्लॉटवर आयजीजीला १० ठरलेल्या पट्ट्यांपैकी किमान ५ हवेत : १८, २३, २८, ३०, ३९, ४१, ४५, ५८, ६६, ९३ किलोडाल्टन. आयजीएमला ३ पैकी २ : २३, ३९, ४१. आणि आयजीएम फक्त पहिल्या ३० दिवसांत वाचायची. त्यानंतर एकटी आयजीएम पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा खोटी. तुमच्या पेशंटचे ८ पट्टे आहेत, म्हणजे सप्टेंबरचं निदान पक्कं होतं. त्यात शंका नको.

४१चा पट्टा हा शेपटीच्या प्रथिनाचा. तो कित्येक धडधाकट माणसांत दिसतो, कारण तोंडातल्या साध्या स्पायरोकिटांनाही (मळसूत्री जंतूंनाही) तसंच प्रथिन असतं. आणि हे मुंबईत विशेष : लेप्टोस्पायरा आणि सिफिलिसचा जंतू हे बोरेलियाचेच, म्हणजे लाइमच्या जंतूचेच, भाऊबंद. पावसाळ्यात लेप्टो होऊन गेलेल्या माणसाची लाइम इलायझा संदिग्ध आली तर नवल नाही. जो कधी मुंबई-पुण्याबाहेर गेला नाही त्याची लाइम टेस्ट लिहूच नका. पॉझिटिव्ह आली तर ती निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील.

जाता जाता, कारण हा प्रश्न येणारच : घरच्या कुत्र्याच्या गोचिडीने लाइम होत नाही. ती गोचीड वेगळ्या जातीची. लाइमवाली आयक्सोडिस, म्हणजे हरणावरची, आणि तीही सहसा चोवीस तासांहून जास्त चिकटून बसली तरच जंतू सोडते. आपल्याकडे गोचीड आणि ताप म्हटलं की आधी रिकेट्सिया (गोचीडतापाचे जंतू), आणि सिंधुदुर्गात दोडामार्गाकडून आला असेल तर माकडताप.

अजून एक. याला नाही, पण ताप घेऊन उतरलेल्या अशाच एखाद्याला लागू. कनेटिकटच्या भागात तीच आयक्सोडिस गोचीड बाबेशियाही (लाल पेशींत वाढणारा परजीवी) देते. स्मीअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) लाल पेशीत अंगठ्या दिसतात, आणि इकडचा तंत्रज्ञ रोजच्या सवयीने फाल्सिपॅरम (मलेरियाचा एक प्रकार) लिहून मोकळा होतो. फरक बघायचा तो असा : बाबेशियात तपकिरी रंगद्रव्याचे कण कधीच नसतात, अंगठ्या लहान-मोठ्या वेड्यावाकड्या असतात, काही पेशीबाहेरही पडलेल्या, आणि नशीब चांगलं असेल तर एका पेशीत चार जणांचा क्रूस दिसतो. स्मीअरवर अंगठ्या भरपूर आणि मलेरियाची रॅपिड कार्ड टेस्ट निगेटिव्ह असेल तर थांबा, प्रवास कुठे झाला ते विचारा. डॉक्सीने बाबेशिया मरत नाही. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन लागतं.

---

सांधेवाली_दादर

सर, आता गुडघा.

लाइम आर्थ्रायटिसचा पहिला कोर्स २८ दिवस तोंडी. तो झाला. त्यानंतर काय, हे सूज किती उरली यावर. मध्यम किंवा जास्त सूज, काहीच फरक नाही, अशी स्थिती असेल तर सेफ्ट्रायाक्झोन २ ग्रॅम रोज एकदा, शिरेतून, २ ते ४ आठवडे. तीन महिने नाही. किरकोळ सूज उरली असेल, म्हणजे तुमच्या पेशंटसारखी, तर दुसरा तोंडी कोर्स द्यावा की नुसतं थांबावं यावर मार्गदर्शक तत्त्वं ठाम बोलत नाहीत, दोन्ही चालतं. एक तोंडी आणि एक शिरेतला असे दोन्ही होऊनही सूज राहिली, तर तिथे अँटिबायोटिकचं दार बंद. पुढे तो माझ्या ओपीडीचा पेशंट.

सूज का राहते? बऱ्याचदा जंतू मेलेला असतो, पण त्याच्या भिंतीचे तुकडे सांध्यात पडून राहतात. त्यातलं पेप्टिडोग्लायकन उपचारानंतरही सांध्याच्या पाण्यात सापडतं, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलंय. काही विशिष्ट एचएलए-डीआर (प्रतिकारशक्तीची जनुकं) प्रकारांच्या माणसांत ही जळजळ जास्त चिवट. भांडण संपलंय, पण मोहल्ल्यात पोलीस अजून लाठ्या चालवतायत. अशा वेळी अजून अँटिबायोटिक ओतून पोलीस हटत नाहीत.

पण परळच्या सरांनी म्हटलं तसं, आधी पाणी काढा. हे मुंबईत मी दुप्पट जोराने सांगते. एकाच गुडघ्याची, हळूहळू रेंगाळणारी सूज, ताप नाही, ईएसआर थोडा वर : हे वर्णन लाइमचं आहे आणि टीबीचंही आहे. ८ पट्ट्यांमुळे पारडं लाइमकडे झुकतं, पण परत आल्यावर नव्याने काही लागलं नाही याची खात्री ब्लॉट देत नाही. पाण्यात पेशींची मोजणी आणि डिफरन्शियल, क्रिस्टल, ग्रॅम आणि कल्चर, जीन एक्सपर्ट आणि एएफबी कल्चर (दोन्ही टीबीसाठी), आणि बोरेलिया पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) जमलं तर. लाइममध्ये पेशी साधारण १० ते २५ हजार, न्यूट्रोफिल जास्त. उपचारानंतर पीसीआर बहुधा निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आला तरी तो मेलेल्या जंतूचा डीएनए असू शकतो, त्यामुळे एकट्या पीसीआरवर महिनाभराची इंजेक्शनं लावू नका.

आणि कृपा करून गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन इतक्यात नको. अँटिबायोटिक पूर्ण होण्याआधी दिलं तर लाइमची सूज जास्त लांबते असं दिसलंय. टीबी निघाला, तर मग विचारूच नका.

---

औषधपेटी

क्लिनिकल फार्मासिस्ट. दोन गोष्टी.

पहिली : तो २८ दिवसांचा कोर्स त्याने घेतला कसा? गोळ्या संपल्या का, हे सगळेच विचारतात. कशाबरोबर घेतल्या, हे विचारा. डॉक्सीचं कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, झिंक यांच्याशी पोटात गठबंधन होतं आणि ते शोषलंच जात नाही. दुधाने थोडं कमी होतं, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांनी आणि अ‍ॅसिडिटीच्या गुलाबी सिरपने बरंच. नियम असा : डॉक्सीच्या आधी आणि नंतर दोन-तीन तास यातलं काहीही नाही. लोहाची गोळी तर कोर्सपुरती बंदच ठेवलेली बरी. गोळी पोळीभाजी खाऊन, ग्लासभर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून घ्यायची, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना घोटभर पाण्याने गिळली की अन्ननलिकेत चिकटते आणि व्रण पडतो. मग छातीत जळजळ, मग अँटासिड, मग पुन्हा शोषण नाही. असं चक्र. उन्हात त्वचा भाजते तेही सांगा. लोकलच्या खिडकीपाशी बसणाऱ्याचा एकच हात काळवंडतो.

दुसरी : छापील प्रोटोकॉल. रिफॅम्पिसिन लाइमसाठी सिद्ध नाही, आणि आपल्याकडे ते सुट्टं देणं म्हणजे गुन्ह्याच्या जवळ जाणारी चूक. सांध्यात किंवा छातीत लपलेला टीबी असेल तर एकट्या रिफॅम्पिसिनने तो अर्धवट दबेल, तपासण्या निगेटिव्ह येतील, आणि उरलेला जंतू रिफॅम्पिसिनला निर्ढावलेला निघेल. लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिनचंही तेच, शिवाय लाइमवर त्यांचा उपयोग नाहीच. सेफॅलेक्सिनही लाइमवर चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डायसल्फिराम आणि शनिवारचे दोन पेग हे एकत्र लिहायचं धाडस मी करणार नाही. शेवटची गोळी घेऊन दोन आठवडे झाले तरी दारूवर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, खोकल्याच्या सिरपमधल्या अल्कोहोलवरही. काही प्रोटोकॉलांत डॅप्सोनही असतं, जी६पीडी (लाल पेशी सांभाळणारं एन्झाइम) न तपासता. ते कमी असेल तर लाल पेशी फुटतात.

सेफ्ट्रायाक्झोन आणि रिफॅम्पिसिन दोन्ही शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीची नोंद केमिस्टच्या वेगळ्या रजिस्टरात होते आणि ते तीन वर्षं ठेवावं लागतं. प्रिस्क्रिप्शन तुमच्या नावाचं असेल, हे लक्षात असू द्या.

---

मुलुंडचा_जीपी

औषधपेटी, नेम बरोबर बसला. पेशंटला फोन करून विचारलं. कनेटिकटमध्ये थकव्यासाठी त्याने स्वतःच्या मनाने मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियम ५०० सुरू केलं होतं. सगळं एकत्र, सकाळी, दुधातल्या सिरिअलबरोबर, डॉक्सीसह. रात्रीची गोळी मात्र नीट घेतली. म्हणजे अठ्ठावीस दिवस अर्ध्याच्या आसपासच पोहोचलं म्हणायचं का? जूनमधले १० दिवस तरी बरोबर होते.

घोरतो. बायको म्हणाली, "शेजारच्या खोलीत ऐकू येतं." बी-१२ १४२ आलं. आता गुडघ्याचं सांगा, पुन्हा डॉक्सी की दुसरं?

---

सांधेवाली_दादर

१४२! त्याची सोय तर आजच करा.

"अर्ध्याच्या आसपास" असा हिशोब मांडता येणार नाही. पण कोर्स नीट झाला नाही एवढं म्हणायला हे पुरेसं आहे, आणि त्याने माझं मत बदलतं. सूज किरकोळ असली तरी पाणी काढून टीबी आणि इतर गोष्टी बाजूला झाल्या, की दुसरा तोंडी कोर्स द्यावा. अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, २८ दिवस. डॉक्सीच हवं तर तेच पुन्हा २८ दिवस, पण औषधपेटीने सांगितल्या पद्धतीने. अ‍ॅमॉक्सीला कॅल्शियमची अडचण नाही, आणि पेशंटला "वेगळं औषध मिळालं" असं वाटतं, त्याचाही उपयोग होतो. सेफ्युरॉक्झिम अ‍ॅक्सेटिल ५०० मिग्रॅ दोनदा हा तिसरा पर्याय, जेवणानंतरच. साध्या अ‍ॅमॉक्सीऐवजी क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड जोडलेलं देऊ नका. बोरेलियाकडे बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम) नाही, नुसतेच जुलाब पदरात पडतील.

सूज उतरायला कोर्स संपल्यावरही वेळ लागतो, विसाव्या दिवशी "फरक नाही" म्हणून औषध बदलू नका. नॅप्रॉक्सेन चालू शकतं, किडनी आणि पोट बघून. क्वाड्रिसेप्सचे (मांडीच्या पुढच्या स्नायूंचे) व्यायाम आजपासून. पाणी साचलेल्या गुडघ्यात मांडी महिन्याभरात वाळते आणि मग जिना उतरताना दुखतं ते त्या वाळलेल्या मांडीमुळे. दोन्ही मांड्यांचा घेर पटेलापासून (गुडघ्याच्या वाटीपासून) १० सेंटिमीटर वर टेपने मोजा, फरक डोळ्यांनी दिसत नाही.

यानंतरही सूज राहिली तर पाठवा. मग मेथोट्रेक्सेटचा (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) विचार, पण त्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची तपासणी, हेपटायटिस बी-सी. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे मी प्रत्येक चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून देते, कारण रोज घेणारे आजही भेटतात.

---

वळवळणारा_किडा

सगळे म्हणताय ते ठीक, पण पर्सिस्टर पेशींचं काय? डॉक्सी आणि सेफ्ट्रायाक्झोनमधून वाचलेले बोरेलिया प्रयोगशाळेत दिसलेत. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०१५ मध्ये डॅप्टोमायसिन, डॉक्सी आणि सेफोपेराझोन अशी तिघांची जोडणी करून त्यांना मारून दाखवलंय. मग पेशंटला थकव्यासाठी काहीच नाही असं का सांगायचं?

---

परळ_संसर्ग

प्रश्न रास्त आहे. ते काम खरं आहे, पण बशीतलं आहे. बशीत वाढलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या, गोळे करून बसलेल्या बोरेलियावर. माणसात ते जंतू असेच राहतात आणि थकवा त्यांच्यामुळेच येतो, ही दुसरी पायरी अजून चढलेली नाही. २०२१ मध्ये हायग्रोमायसिन-ए उंदरांत बोरेलिया साफ करतं आणि आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना फारसा धक्का लावत नाही असं दिसलं, ते मला डॅप्टोमायसिनच्या जोडणीपेक्षा जास्त आशादायक वाटतं. पण तेही पेशंटच्या चिठ्ठीवर लिहायचं औषध नाही.

"पुन्हा उफाळला" असं वाटणाऱ्या चट्ट्यांबद्दल २०१२ चा एक अभ्यास ध्यानात ठेवा. १७ पेशंटांच्या दुसऱ्या चट्ट्यातला जंतू तपासला, प्रत्येक वेळी जात वेगळी निघाली. नवी गोचीड, नवा संसर्ग. हा गृहस्थ उन्हाळ्यात परत कनेटिकटला जाणार असेल तर त्याला हे सांगा. गोचीड चिकटून ३६ तासांहून जास्त झाले असतील आणि काढल्यापासून ७२ तासांच्या आत असेल, तर डॉक्सी २०० मिग्रॅ एकच डोस.

---

डेकेअर_सिस्टर

तोंडी कोर्स ठरलाय ते बरं झालं. तरी पुढे कधी सेफ्ट्रायाक्झोन लावायची वेळ आली तर या केसपुरतं लिहून ठेवते.

पित्ताशयात आधीच खडा आहे. सेफ्ट्रायाक्झोन पित्तात साठतं आणि कॅल्शियमबरोबर गाळ होतो. त्यात हा उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून रात्री अकराला कॅज्युअल्टीत येणार. अशाला सेफोटॅक्झिम २ ग्रॅम दर ८ तासांनी हा पर्याय आहे, पण मग दिवसातून तीनदा फेऱ्या. डॉक्टरांनी आधी ठरवावं.

द्यायचंच ठरलं तर : १ ग्रॅमच्या दोन कुप्या, प्रत्येकी १० मिली पाण्यात विरघळवून १०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये, अर्ध्या तासात. आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) अजिबात नाही, त्याच नळीतूनही नाही, त्यात कॅल्शियम असतं. "सेफ्ट्रायाक्झोन" म्हटलं की केमिस्ट बऱ्याचदा सल्बॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम जोडलेलं देतो. लाइमला साधंच हवं, कुपी हातात घेऊन वाचा. पहिला डोस दवाखान्यातच, अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिली भरायच्या तयारीत. दर आठवड्याला सीबीसी, यकृत, क्रिएटिनिन. दोन आठवड्यांनंतर पांढऱ्या पेशी घसरू शकतात, ते तिसऱ्या आठवड्याच्या रिपोर्टात दिसतं, म्हणून तो रिपोर्ट चुकवू नका.

पिकलाइनचं (दंडातल्या शिरेतून घातलेल्या लांब नळीचं) ड्रेसिंग सात दिवसांनी बदलायचं असं पुस्तकात आहे. मुंबईत मे महिन्यात ते तिसऱ्या दिवशी घामाने कडेला सुटतं. सुटलं की बदला, वरून चिकटपट्टी लावून आठवडा भरवू नका. तीच लाइन सेप्सिसची वाट. चौदा दिवसांचा कोर्स असेल तर पिक न घालता साधा कॅन्युला तीन-चार दिवसांनी बदलत नेणं मला बरं वाटतं.

---

मुलुंडचा_जीपी

गुरुवारी पाणी काढतोय. बी-१२ ची इंजेक्शनं आज सुरू केली, स्लीप स्टडीची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. पीसीआरचा नमुना कोणत्या नळीत?

---

पट्टेवाला

पेशी मोजायला ईडीटीए, जांभळं झाकण. पीसीआर आणि जीन एक्सपर्टला साधी निर्जंतुक बाटली, प्रत्येकी निदान २ मिली. हिरव्या झाकणाची हेपरिनची नळी पीसीआरला नको, हेपरिन अभिक्रियाच बंद पाडतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. पाणी कमीच निघालं तर प्राधान्य : पेशी, मग कल्चर, मग जीन एक्सपर्ट. बोरेलिया पीसीआर सगळ्यात शेवटी. आणि फॉर्मवर "कनेटिकट, जून" आणि "डॉक्सी २ कोर्स" ठळक लिहा, नुसतं "गुडघा सूज" लिहिलेले फॉर्म आमच्याकडे रोज शंभर येतात.